नाटक मंडळीतले मास्तर

शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलगा झकास काम करतो, घरीदारी कौतुक होते आणि मग तो एखाद्या मोठ्या नाटकात काम करू का, असे विचारतो. त्या क्षणी घरात एकच प्रश्न उभा राहतो : अभ्यासाचे काय? आम्हा उलवेकरांना नाटक पाहायचे तर वाशीचे विष्णुदास भावे नाट्यगृह किंवा पनवेलचे वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह गाठावे लागते. हा प्रश्न मात्र आमच्या घरांतही ऐकू येतो. तो कानावर पडला की मला राम गणेश गडकरी आठवतात.

गडकऱ्यांचा जन्म २६ मे १८८५ रोजी गुजरातेतील नवसारीचा. त्यांनी पहिली अक्षरे गिरवली ती गुजराती. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले आणि कुटुंब महाराष्ट्रात आले. म्हणजे ज्या भाषेवर पुढे त्यांनी अधिराज्य गाजवले, तिचे शालेय शिक्षण त्यांना इतर मुलांपेक्षा उशिराच मिळाले. मॅट्रिक होऊन ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाले. पण पहिल्याच वर्षी अपयश पदरी आले. त्यांनी कॉलेज सोडले आणि १९०६च्या सुमारास किर्लोस्कर नाटक मंडळीत नोकरी धरली. काम कोणते, तर मंडळीतल्या मुलांना शिकवण्याचे! परीक्षेत नापास झालेला तरुण मास्तर झाला.

या नोकरीचे मला फार अप्रूप वाटते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले. त्यानंतर कित्येक वर्षे स्त्रीभूमिका पुरुषच करीत. त्यामुळे गोड गळ्याची मुले मंडळीला हवीच असत. आईबाप सोडून ही मुले कंपनीच्या बिऱ्हाडात राहायची, गावोगाव फिरायची. एका अर्थी ती फिरती वसतिशाळाच. रात्री उशिरापर्यंत खेळ, दिवसा गाण्याची आणि नाटकाची तालीम. या धबडग्यात अक्षरओळख मागेच पडायची. अशा ठिकाणी मुलांसाठी मास्तर नेमला गेला, ही गोष्ट लहान नव्हे. ज्याला नक्कल वाचता येत नाही, शब्दाचा अर्थ कळत नाही, त्याचे पाठांतर पोपटाचेच राहणार.

मुलांना शिकवता शिकवता मास्तरांचे स्वतःचे शिक्षणही चालूच होते. ज्ञानेश्वर, मोरोपंत, शेली, मार्क ट्वेन असे वाचन त्यांनी फावल्या वेळात केले. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना त्यांनी गुरू मानले. या तपश्चर्येतून कवी गोविंदाग्रज, विनोदकार बाळकराम आणि नाटककार गडकरी असे तिघे जण एकाच देहात नांदू लागले. १९१२ साली ‘प्रेमसंन्यास’ आले, १९१६ साली ‘पुण्यप्रभाव’.

आयुष्याने मात्र त्यांना फार सवड दिली नाही. २३ जानेवारी १९१९ रोजी नागपूरजवळच्या सावनेर येथे क्षयाने त्यांचे निधन झाले. वय अवघे तेहेतीस. ‘राजसंन्यास’ अपुरे राहिले. ‘एकच प्याला’ त्यांच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांतच गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले आणि बालगंधर्वांच्या सिंधूने प्रेक्षकांना रडवले. त्याच वर्षी बळवंत संगीत मंडळीने ‘भावबंधन’ केले. त्यात लतिका झाले मास्टर दीनानाथ, जे स्वतः कोवळ्या वयात किर्लोस्कर मंडळीत दाखल झालेले होते.

‘एकच प्याला’मधला सुधाकर आठवून पाहा. तो शिकलेला आहे, हुशार वकील आहे. पण अपमान पचवता न आल्याने दारूच्या आहारी जातो. पदवी माणसाला सावरतेच असे नाही, हे पदवी न मिळालेल्या लेखकाने लिहून ठेवले.

याचा अर्थ शाळेला रामराम ठोकावा, असा कोणी घेऊ नये. कॉलेज सुटल्यावरही गडकऱ्यांनी पुस्तक सोडले नाही, हे विसरून चालणार नाही. मला वाटते, मुलाने नाटकाची संहिता घरी आणली, तर ती आईवडिलांनी त्याच्याबरोबर बसून वाचावी. अडलेल्या शब्दांचे अर्थ त्याच्याकडूनच काढून घ्यावेत. किर्लोस्कर मंडळीच्या बिऱ्हाडात अभ्यास आणि नाटक एकाच छपराखाली नांदले; आपल्या दोन खोल्यांतही त्यांना जागा होईल.