नजरकैदेतला आजारी राजा

२५ डिसेंबर १८८३. अहमदनगरमध्ये पहाऱ्यात ठेवलेला एक तरुण आणि त्याच्यावर नेमलेला ग्रीन नावाचा गोरा शिपाई यांच्यात झटापट झाली. त्या झटापटीत तरुणाचा मृत्यू झाला. त्याचे वय होते अवघे वीस वर्षे आणि तो कोल्हापूरचा छत्रपती होता. चौथे शिवाजी महाराज हे नाव कोल्हापूरकरांना परिचयाचे आहे. मात्र त्यांची कहाणी बहुतेक वेळा राजकारणाच्या अंगानेच सांगितली जाते. मनाच्या आजाराच्या अंगानेही ती पाहायला हवी.

महाराजांचे मूळ नाव नारायणराव दिनकरराव भोसले. जन्म ५ एप्रिल १८६३ चा. कोल्हापूरचे राजाराम महाराज युरोपच्या दौऱ्यावरून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स येथे वारले. त्यांच्या मागे गादीला वारस नव्हता. म्हणून १८७१ मध्ये आठ वर्षांच्या नारायणरावांना दत्तक घेण्यात आले. जन्मदात्यांचे घर सुटले आणि नावही बदलले. आजूबाजूला कारभारी, शिक्षक आणि इंग्रज अधिकारी आले. राज्य त्यांच्या नावाने चाले, निर्णय मात्र इतरांच्या हाती असत.

वयात येता येता महाराजांचे मन ठीक नाही, असे सांगितले जाऊ लागले. १८८२ मध्ये कागलचे जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे यांच्याकडे रीजंट म्हणून कारभार आला. महाराजांना कोल्हापुरातून हलवून अहमदनगरला ठेवण्यात आले. त्यांना वाईट वागवले जाते, अशी कुजबुज तोवर कोल्हापूर-पुण्यात पसरली होती.

‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. महाराज वेडे नाहीत, त्यांना वेडे ठरवले जात आहे, अशी बाजू या पत्रांनी जोरात मांडली आणि दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर आरोप केले. बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. ज्या पत्रांच्या आधारे आरोप झाले होते, ती बनावट निघाली. जुलै १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस काढून २६ ऑक्टोबरला दोघे सुटले. याच तुरुंगवासात आगरकरांनी ‘हॅम्लेट’च्या मराठी रूपांतराचे, ‘विकारविलसित’चे, काम केले. वेड खरे की सोंग, हा प्रश्न ज्या राजपुत्राभोवती फिरतो, त्याचे ते नाटक आहे.

कोल्हापूरचा वादही त्याच प्रश्नाभोवती फिरत राहिला. महाराज वेडे आहेत, असे एक बाजू म्हणे. ते वेडे नाहीत, असे दुसरी बाजू म्हणे. ते खरोखर आजारी असतील तर त्यांना कसे वागवायचे, हा प्रश्न मात्र मागे पडला. त्यांना नेमका कोणता आजार होता, हे दीडशे वर्षांनंतर ठरवणे योग्य नाही. स्किझोफ्रेनिया बहुधा ऐन तारुण्यात डोके वर काढतो, एवढे सांगता येते. पण त्या वयात मन बिघडवणारी इतर कारणेही असतात. घरापासून तुटणे आणि सतत धाकात राहणे ही त्यातलीच.

त्या काळी औषधे नव्हती, हे खरे. स्किझोफ्रेनिया हा शब्दच स्वित्झर्लंडच्या ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये वापरात आणला. पहिले परिणामकारक औषध, क्लोरप्रोमाझिन, १९५० च्या दशकात आले. पण माणुसकीने वागवण्याची पद्धत ठाऊक होती. इंग्लंडमधील यॉर्क शहरात विल्यम ट्यूक यांनी १७९६ मध्येच एक आश्रम सुरू केला होता. तिथे मनोरुग्णांना मोकळी हवा, बागकाम आणि सभ्य वागणूक मिळे. कोल्हापूरच्या राजाच्या वाट्याला त्यानंतर ८० हून अधिक वर्षांनीही पहारा आला.

आज मनोसामाजिक पुनर्वसन म्हणतात, त्याची मुळे अशा प्रयोगांत आहेत. औषधाने भास आणि संशय कमी होतात. पण सकाळी उठून आंघोळ करणे, चारचौघांत बोलणे, पैशांचा हिशेब ठेवणे, एखादे काम नेटाने करणे, हे पुन्हा शिकावे लागते. त्यासाठी ठरलेला दिनक्रम, जमेल असे काम, संवादाचा सराव आणि आजार समजून घेणारे कुटुंब लागते. महाराजांच्या आयुष्यातून नेमके हेच काढून घेतले गेले होते. ओळखीची माणसे गेली, गाव गेले आणि काही करण्यासारखे कामही उरले नाही.

या पुनर्वसनात सहसा लक्षात न येणारी एक बाजू आहे, ती म्हणजे वासाची. इतर बहुतेक संवेदना मेंदूतील थॅलॅमस या केंद्रातून पुढे जातात. वासाचा संदेश मात्र थॅलॅमसमध्ये न थांबता भावना आणि आठवणींच्या भागांपर्यंत पोहोचतो. म्हणूनच गुऱ्हाळावरच्या उकळत्या काकवीचा वास आला की कोल्हापूर सोडून गेलेल्या माणसालाही क्षणात गाव आठवते. स्किझोफ्रेनिया असलेल्या अनेकांना वास येतो, पण तो कशाचा हे ओळखता येत नाही, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. उत्साह आटणे, माणसांपासून दूर राहणे या लक्षणांशीही या अडचणीचा संबंध आढळतो. धूम्रपान आणि सर्दीचाही परिणाम होतो, त्यामुळे केवळ वासाच्या चाचणीवरून या आजाराचे निदान करता येत नाही. शिवाय परदेशी चाचण्यांतले काही वास आपल्याकडे अनोळखी असतात. इथे हिंग, कापूर, कोथिंबीर असेच वास हवेत.

घरात याचा अर्थ अगदी व्यावहारिक आहे. नासलेले दूध, गॅसची गळती, स्वतःच्या कपड्यांना येणारा घामाचा वास हे रुग्णाच्या लक्षात येत नसेल, तर घरचे त्याला आळशी किंवा बेफिकीर समजतात आणि बोलणी सुरू होतात. त्याऐवजी आंघोळीची आणि कपडे बदलण्याची वेळ ठरवून द्यावी. फ्रिजमधल्या डब्यांवर तारीख लिहावी. गॅस बंद केल्याची खात्री करण्याची सवय लावावी. स्वयंपाकात मदत करताना मसाले हुंगून ओळखण्याचा खेळही करता येतो. तो उपचार नव्हे, पण सोबत काम करण्याचे निमित्त नक्की आहे.

चौथ्या शिवाजींच्या मृत्यूनंतर त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांनी १७ मार्च १८८४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतरावांना दत्तक घेतले. तेच पुढे राजर्षी शाहू महाराज झाले. त्यांच्या तेजात आधीच्या राजाची आठवण मागे पडली.

कायदा आता बराच पुढे आला आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार मनोरुग्णाला समाजात राहण्याचा हक्क आहे, त्याला साखळीने बांधण्यास मनाई आहे आणि क्रूर वागणुकीपासून संरक्षण आहे. तरीही आजारी मुलाला मागच्या खोलीत कोंडून ठेवणारी, पाहुण्यांपासून लपवणारी घरे आजही आहेत. घरातल्या तरुणाचे बोलणे तुटक झाले, झोप उडाली, विनाकारण संशय वाढला, तो एकटा राहू लागला, तर वेळ न दवडता मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीतून बोलता येते.