सर गिल्बर्ट वॉकर

मृग नक्षत्र लागले की निपाणीच्या शेतकऱ्याचे डोळे आभाळाकडे लागतात. बियाण्यासाठी काढलेले कर्ज, तंबाखूची लावण, बेळगावच्या पेठेतील उलाढाल, सारे त्या पावसावर अवलंबून. तो कसा पडेल हे आगाऊ कळावे म्हणून ज्यांनी वीस वर्षे वेचली, ते सर गिल्बर्ट वॉकर.

त्यांचा जन्म १४ जून १८६८ रोजी इंग्लंडातील रॉचडेल येथे झाला. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत १८८९ साली ते पहिले आले. बासरी व बूमरँग यांचे त्यांना विलक्षण वेड होते. १९०४ साली हिंदुस्थानच्या हवामानखात्याचे प्रमुख म्हणून ते आले, तेव्हा हवामान हा त्यांचा विषयच नव्हता!

पाचच वर्षांपूर्वी, १८९९ मध्ये, पावसाने दगा दिला होता आणि मुंबई इलाख्यासह मोठ्या मुलखात घोर दुष्काळ पडला होता. माझ्या कोकणी आजीला घाटाखालचा पाऊस निराळा आणि घाटावरचा निराळा वाटे. वॉकर यांनी ओळखले की एका गावच्या पावसाचे कारण हजारो मैल दूरही असू शकेल. त्यांनी मॉरिशस, झांजिबार, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया येथील वायुभाराच्या व पावसाच्या नोंदी मिळविल्या. परक्या देशीच्या कोणा कारकुनाने रोज वहीत टिपलेला आकडा येथील पेरणीच्या कामी आला! यंत्रगणक नव्हते, हिंदी कारकुनांनी ते अफाट हिशेब हातांनी केले. (मद्रासच्या एका कारकुनाचे, म्हणजे रामानुजन् यांचे, गणित पाहून १९१३ साली वॉकर यांनीच विद्यापीठाकडे शिफारस केली होती.)

त्या आकड्यांतून एक नवल उघड झाले. पॅसिफिकवर वायुभार वाढला की हिंदी महासागरावर तो घटतो, आणि उलटही घडते. जणू तराजूची दोन पारडी. यास त्यांनी दक्षिणी आंदोलन असे नाव दिले.

त्यांची सूत्रे पुष्कळदा चुकली, हे लपविण्याचे कारण नाही. परंतु नोंदी एकत्र आणण्याची त्यांची रीत मला सूत्रांहून मोलाची वाटते. पाऊस लांबणार असे कळले तर शेतकरी बियाणे राखतो, दुबार पेरणीचे कर्ज टळते आणि व्यापारीही जपून माल भरतो.

१९२४ मध्ये ते निवृत्त झाले. त्याच वर्षी त्यांना सर ही पदवी मिळाली. ४ नोव्हेंबर १९५८ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे १९६९ साली ब्यर्कनेस या शास्त्रज्ञाने ते आंदोलन आणि पॅसिफिकचे तापणारे पाणी, म्हणजेच एल् निनो, यांचा संबंध जुळविला. आज वळवाच्या दिवसांत आपल्या पारावर एल् निनोची चर्चा चालते, ती याच एल् निनोची.