कूटलिपी उकलणारा साहित्यिक

एडगर ॲलन पो या विख्यात अमेरिकन साहित्यिकाचा जन्म १९ जानेवारी १८०९ रोजी बोस्टन शहरी झाला. त्याचे आईवडील रंगभूमीवर कामे करीत. एडगर पुरता तीन वर्षांचाही झाला नव्हता, तोच त्याचे मातृछत्र हरपले. रिचमंड येथील जॉन ॲलन नावाच्या व्यापाऱ्याने त्याचा सांभाळ केला. घर संपन्न होते. परंतु पुढे दोघांचे पटेनासे झाले. १८२६ साली एडगर विद्यापीठात दाखल झाला. पण कर्जबाजारी होऊन वर्षभरातच त्याला ते सोडावे लागले. १८२७ साली तो सैन्यात भरती झाला. त्याची तुकडी काही काळ दक्षिण कॅरोलायनातील सलिव्हन्स बेटावर होती. हे वाळूचे बेट पुढे त्याच्या फार उपयोगी पडले.

सैन्य सोडल्यावर लेखणी हेच त्याचे उपजीविकेचे साधन झाले. फिलाडेल्फियात असताना, १८३९ च्या अखेरीस, त्याने एका साप्ताहिकातून वाचकांना आव्हान दिले. प्रत्येक अक्षराऐवजी एक ठरावीक चिन्ह योजून कोणीही मजकूर लिहून पाठवावा. आपण तो उलगडून दाखवू, असे त्याने जाहीर केले. वाचकांनी कूटलेख धाडले आणि पोने त्यांतील कितीतरी घरबसल्या सोडविले. यात जादू नव्हती. बारीक निरीक्षण आणि सुसंगत विचार होता. १८४१ साली त्याने या विद्येवर एक लेखही लिहिला.

इतके असूनही घरात दारिद्र्य होते. १८४२ साली त्याची पत्नी व्हर्जिनिया क्षयाने आजारी पडली. पुढल्या वर्षी एका वृत्तपत्राने उत्तम कथेसाठी १०० डॉलरचे पारितोषिक जाहीर केले. पोने आपली एक कथा आधीच एका मासिकाला दिली होती. ती त्याने परत मागून घेतली आणि स्पर्धेस पाठविली. तीच ‘द गोल्ड-बग’ ही कथा होय.

कथा सलिव्हन्स बेटावर घडते. नायकाला समुद्रकाठी एक जुने चर्मपत्र सापडते. विस्तवाची ऊब लागताच त्यावर अदृश्य शाईने लिहिलेली चिन्हे उमटतात. नायक ती मोजू लागतो. ८ हा अंक सर्वांत अधिक, म्हणजे ३३ वेळा आलेला असतो. इंग्रजीत ‘ई’ हे अक्षर सर्वाधिक येते. तेव्हा ८ म्हणजे ‘ई’, हे तो ताडतो. तीन चिन्हांचा एक गट वारंवार येतो व त्याच्या शेवटी ८ असतो. म्हणजे तो ‘द’ हा शब्द, हे त्याला कळते. अशा रीतीने दोन नवी अक्षरे हाती येतात. एका अक्षरावरून दुसरे उलगडत सारा मजकूर वाचता येतो. तरीही पहिल्यांदा खणल्यावर काहीच मिळत नाही. नोकराने डाव्याउजव्याची गफलत केलेली असते. नायक चूक शोधून पुन्हा मोजमाप करतो आणि कॅप्टन किड या चाच्याने पुरलेले, सुमारे १५ लाख डॉलर किमतीचे धन वर निघते.

पोला पारितोषिक मिळाले आणि १८४३ च्या जूनमध्ये कथा प्रसिद्ध झाली. ती घरोघरी वाचली गेली. पण नायकाला अपार धन मिळवून देणारा लेखक स्वतः मात्र निर्धनच राहिला. १८४७ साली व्हर्जिनिया निवर्तली. ७ ऑक्टोबर १८४९ रोजी बाल्टिमोर येथे, अवघ्या चाळीसाव्या वर्षी, पोचे निधन झाले.

पुढे विल्यम फ्रीडमन नावाच्या एका मुलाने ही कथा वाचली आणि त्याला कूटलिपींची गोडी लागली. मोठेपणी तो या शास्त्रातील अग्रगण्य तज्ज्ञ झाला. त्याच्या हाताखालील मंडळींनी १९४० साली जपान सरकारची अत्यंत अवघड सांकेतिक लिपी उलगडली. पोने पैशाची पुंजी मागे ठेवली नाही. परंतु गूढाला न भिता, एकेक खूण तपासत सत्यापर्यंत कसे पोहोचावे, हे त्याने दाखवून दिले.