दागिन्यांचा राखणदार : ओग्युस्त मारिएत

इजिप्त म्हटले की डोळ्यांपुढे पिरॅमिड उभे राहतात आणि पाठोपाठ आठवते ते तूतनखामेनचे सोने. पण १९२२ साली ती कबर सापडण्याच्या कितीतरी आधीपासून युरोपातील जवाहिरे इजिप्शियन धर्तीचे दागिने घडवीत होते. शेणकिड्याच्या आकाराची पदके, कमळकळ्यांचे गळसर, पंख पसरलेले सूर्यबिंब मिरवणारे ब्रूच! एकोणिसाव्या शतकातील हे दागिने आज संग्राहक जिवापाड जपतात. त्यांची छायाचित्रे पाहताना मला प्रश्न पडे, की पॅरिसच्या सोनाराला ही नक्षी दाखवली कोणी? नेपोलियनने १७९८ साली इजिप्तवर स्वारी केली तेव्हापासून फ्रान्सला त्या देशाचे वेड होतेच. परंतु अस्सल राजघराण्यातील अलंकार पॅरिसकरांपुढे मांडले ते ओग्युस्त मारिएतने. उत्तर मिळाले, पण दागिन्यांपेक्षा हा माणूसच माझ्या मनात अधिक घर करून राहिला.

मारिएतचा जन्म ११ फेब्रुवारी १८२१ रोजी फ्रान्सच्या किनाऱ्यावरील बुलोन या गावी झाला. घरची स्थिती बेताची. ऐन तारुण्यात तो इंग्लंडला गेला, एका शाळेत फ्रेंच व चित्रकला शिकवू लागला. पुढे कॉव्हेंट्रीला रेशमी फितींवरच्या नक्षीचे नमुनेही काढून पाहिले. तेथे जम बसला नाही म्हणून गावी परतला आणि मास्तरकी करू लागला. १८४२ साली नेस्तॉर लोत या दिवंगत नातेवाइकाची कागदपत्रे घरी आली. हा लोत शांपोल्योंबरोबर इजिप्तला गेलेला चित्रकार. त्याची टिपणे लावता लावता मारिएतला चित्रलिपीने झपाटले. गुरू नाही, विद्यापीठ नाही. हाताशी पुस्तके आणि बुलोनच्या संग्रहालयातील एक शवपेटिका, एवढ्या भांडवलावर हा मास्तर ती लिपी शिकला!

१८४९ मध्ये लूव्र संग्रहालयात त्याला किरकोळ पगाराची जागा मिळाली. पुढच्याच वर्षी कॉप्टिक हस्तलिखिते विकत घेण्यासाठी त्याला इजिप्तला धाडण्यात आले. हस्तलिखिते काही मिळेनात. पण सक्काऱ्याच्या वाळूतून वर आलेले एका स्फिंक्सचे मस्तक त्याच्या दृष्टीस पडले आणि वाळूत गाडल्या गेलेल्या स्फिंक्सांचे स्ट्रेबो या प्राचीन ग्रंथकाराने केलेले वर्णन त्याला आठवले. हस्तलिखितांसाठी दिलेला पैसा त्याने बेधडक खोदकामाला लावला! १८५१ साली सेरापियम, म्हणजे पवित्र एपिस बैलांची भुयारी दफनभूमी, उजेडात आली. तेथील सुमारे ६,००० वस्तू लूव्रला गेल्या. त्यांपैकी कित्येक तर इजिप्त सरकारची मनाई असताना चोरून पाठवलेल्या होत्या, ही गोष्ट विसरून चालणार नाही. मारिएतच्या आयुष्याचा पूर्वार्ध हा असा नेणाऱ्याचा आहे.

उत्तरार्ध मात्र राखणाऱ्याचा आहे. १८५८ साली इजिप्तचा राज्यकर्ता सैद पाशा याने त्याला पुराणवस्तूंचा प्रमुख नेमले. १८५९ मध्ये थीब्झजवळ राणी अहहोतेप हिची शवपेटिका सापडली. मारिएत तेथे पोहोचण्यापूर्वीच स्थानिक सुभेदाराने ती उघडून आतील अलंकार परस्पर पाशाकडे रवाना केले. हे कळताच मारिएतने नाईलमध्ये ती बोट गाठली आणि धाकदपटशाने ऐवज ताब्यात घेतला. पाशा रागावण्याऐवजी हसला, असे सांगतात. त्याने एक साखळी आपल्या एका बेगमेसाठी ठेवून घेतली, तीही पुढे परत आली. या वस्तूंसाठी हक्काची वास्तू हवी, हे आता त्यालाही पटले. कैरोतील बुलाक येथे १८६३ साली संग्रहालय उघडले.

काय होते त्या ऐवजात? सोन्याच्या तीन मोठ्या माश्या ओवलेली साखळी, अहमोस राजाचे नाव कोरलेला परशू, खंजीर, कंकणे, सोन्याचांदीच्या छोट्या नौका. सोन्याच्या पातळ पट्ट्यांची घरे करून त्यांत लाजवर्द, अकीक, पिरोजा नेमके बेतून बसवायचे, ही या कारागिरांची खुबी. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे हे कोंदण पाहून आजचा जडाव करणाराही मान डोलावील.

१८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात मारिएतने इजिप्शियन मंदिर उभारले आणि हे अलंकार तेथे मांडले. त्याच प्रदर्शनात फ्रोमाँ-म्युरीस, बोगराँ यांसारख्या जवाहिऱ्यांनी इजिप्शियन धर्तीचे स्वतःचे दागिनेही ठेवले होते. मूळच्या खड्यांऐवजी पुष्कळदा रंगीत मीना वापरलेला असे. सम्राज्ञी युजेनी हिला मात्र नक्कल नको होती. तिने अहहोतेपचे अस्सल अलंकारच मागितले. तेव्हाचा राज्यकर्ता इस्माइल कर्जाच्या ओझ्याखाली होता, त्याला फ्रान्सची मर्जी हवी होती. त्याने युक्तीने तिला मारिएतकडे बोट दाखवले. मारिएत फ्रेंच, मागणारी त्याच्याच देशाची सम्राज्ञी! तरीही त्याने नाही म्हटले. दोन्ही दरबारांची खप्पामर्जी ओढवली. अलंकार इजिप्तला परतले.

रंगभूमीवरही त्याने हीच नक्षी नेली. ‘आयदा’ या व्हेर्दीच्या संगीतिकेचे मूळ कथाबीज मारिएतचे, पोशाखांची चित्रेही त्याचीच. १८७०-७१ मध्ये वेढलेल्या पॅरिसमध्ये तो व ते पोशाख अडकून पडल्याने प्रयोग लांबला. अखेर २४ डिसेंबर १८७१ रोजी कैरोत झाला.

त्याला देवपण देण्याची माझी इच्छा नाही. त्याच्या खोदकामांवर वेठीचे मजूर राबले, अनेक उत्खननांच्या नोंदी अपुऱ्या राहिल्या. नियतीनेही त्याला सोडले नाही. पत्नी १८६५ साली पटकीने गेली, कित्येक मुले डोळ्यांदेखत गेली आणि १८७८ च्या नाईलच्या पुरात संग्रहालयासह त्याचे कागदही भिजून गेले. १८ जानेवारी १८८१ रोजी कैरोत त्याने देह ठेवला. आजही कैरोच्या तहरीर चौकातील जुन्या संग्रहालयाच्या बागेत एका दगडी शवपेटिकेत तो विसावला आहे.

सम्राज्ञीची हौस पुरवली असती तर मारिएतला मानमरातब मिळाला असता आणि अहहोतेपचे सोने फ्रान्सला गेले असते. पुढे १८७० साली ते साम्राज्यच कोसळले! मग त्या माश्या, ती कंकणे कोणत्या लिलावात फुटली असती, कोण जाणे. ती आज इजिप्तमध्येच आहेत. कला अशी पाहून शिकता येते, घडवता येते, गळ्यात मिरवताही येते. त्यासाठी मूळ वस्तू तिच्या मातीतून उचलावी लागत नाही. आपल्या गावोगावच्या देवळांतून मूर्ती चोरीला गेल्याच्या बातम्या वाचते, तेव्हा मला वाटते, की असा ‘नाही’ म्हणणारा एखादा तरी माणूस प्रत्येक गावाला हवा.