डॉ. भाऊ दाजी लाड आणि शिलालेखांची छायाचित्रे

गोव्यातील मांद्रे गावचे भाऊ दाजी १८५१ साली ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून डॉक्टर झाले. १८५४ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या फोटोग्राफिक सोसायटीचे ते आरंभीचे सभासद. बंधू नारायण तर त्या कलेत निष्णात. आपल्या शेजारच्या धारवाड प्रांतातील शिलालेखांची छायाचित्रे मुंबईस गेली, तेव्हा रुग्णसेवेच्या व्यापातही भाऊंनी ती वाचून अहवाल लिहिला. झिजलेले अक्षर मात्र छायाचित्रात हटकून दगा देते. म्हणूनच की काय, उत्तरेकडे त्यांनी पंडित भगवानलाल इंद्रजींना धाडले. वायव्य सरहद्दीवरील शाहबाजगढी, नेपाळ असे हिंडून पंडितजींनी लेख स्वहस्ते उतरविले. नेपाळचे लेख १८८० मध्ये प्रसिद्ध झाले. भाऊ ३१ मे १८७४ रोजीच निवर्तले होते.