देवाला सिंफनी अर्पण करणारा मास्तर



रविवारी मिस्साच्या वेळी ऑर्गनवर एखादा सूर चुकला की आपण लगेच मागे वळून पाहतो. सगळे सुरळीत झाले तर कुणी वळत नाही, आणि मिस्सा संपल्यावर वाजवणाऱ्याशी दोन शब्द बोलणारेही थोडेच. आज ज्यांची ओळख करून द्यायची आहे ते अँटन ब्रुकनर असेच एका चर्चचे ऑर्गनवादक होते. आज जगभरातले मोठमोठे वाद्यवृंद त्यांच्या सिंफनी वाजवतात, २०२४ साली त्यांच्या जन्माला दोनशे वर्षे झाली. पण वयाची साठ वर्षे होईपर्यंत या माणसाच्या वाट्याला मोठे यश असे आलेच नव्हते.

ऑस्ट्रियातील लिंझ शहराजवळ आन्सफेल्डन नावाचे खेडे आहे. तिथे ४ सप्टेंबर १८२४ रोजी अँटनचा जन्म झाला. वडील गावचे शाळामास्तर. त्या काळी तिथल्या मास्तरांनी मुलांना शिकवायचे आणि चर्चमध्ये ऑर्गनही वाजवायचा अशी रीत होती. अकरा भावंडांत अँटन थोरला. १८३७ साली वडील वारले तेव्हा तो अवघा बारा वर्षांचा होता. आईने त्याला जवळच्या संत फ्लोरियनच्या मठात नेले. ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी त्याला आपल्या गायकवृंदात घेतले. त्या मठाच्या चर्चमध्ये एक भव्य ऑर्गन आहे. पोरक्या मुलाला तिथे घर मिळाले आणि तो ऑर्गन त्याच्या मनात कायमचा बसला.

सतराव्या वर्षी तो विंडहाग या आडगावी साहाय्यक शिक्षक म्हणून लागला. पगार नावापुरता. पहाटे उठून चर्चची घंटा वाजवायची, दिवसा मुलांना शिकवायचे आणि शिवाय शेतात राबायचे, खतसुद्धा टाकायचे. चार पैशांसाठी तो गावच्या नाचगाण्यांत फिडल वाजवी. पुढे तो शिक्षक म्हणून संत फ्लोरियनला परतला आणि तिथला ऑर्गनवादक झाला. १८५५ च्या अखेरीस लिंझच्या कॅथेड्रलमध्ये ऑर्गनवादकाची जागा त्याला मिळाली.

इथे दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, झाले, पोटापाण्याची सोय लागली. ब्रुकनर यांना मात्र आपले शिक्षण अपुरे वाटत होते. व्हिएन्नातील सायमन सेख्टर या कडक शिक्षकाकडे त्यांनी सहा वर्षे संगीतशास्त्राचे धडे घेतले, तेही बरेचसे टपालाने. शिक्षण चालू असेपर्यंत स्वतःचे काही रचायचे नाही अशी गुरूंची अट होती. तिशी ओलांडलेल्या माणसाने ती निमूटपणे पाळली. १८६१ साली व्हिएन्नातील एका चर्चमध्ये त्यांची परीक्षा झाली. परीक्षकांनी एक छोटी सुरावट दिली, मग ती आणखी लांब आणि अवघड केली. ब्रुकनर थोडा वेळ नुसतेच बसून राहिले. लोक हसू लागले. मग त्यांनी ऑर्गनवर हात ठेवले आणि त्या सुरावटीतून असे काही उभे केले की सगळे अवाक झाले. परीक्षकांपैकी योहान हर्बेक यांनी कबूल केले की, परीक्षा खरे तर ब्रुकनर यांनीच आमची घ्यायला हवी होती. एवढे होऊनही ते पुन्हा विद्यार्थी झाले, आणि या वेळचे गुरू त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान होते!

आता एक गोष्ट, जी अशा लेखांत सहसा गाळली जाते. १८६७ साली ब्रुकनर मनाने पूर्ण खचले. त्यांना मोजण्याचा ध्यास लागला. झाडाची पाने, इमारतीच्या खिडक्या, जे दिसेल ते मोजत बसायचे. बाड क्रॉयझन येथे तीन महिने त्यांच्यावर उपचार झाले. आपल्याकडे अजूनही म्हणतात की, ज्याची श्रद्धा पक्की त्याला असले आजार होत नाहीत. तसे बोलणाऱ्यांनी ब्रुकनर यांच्याकडे पाहावे. रोज गुडघे टेकणारा हा माणूस. तरीही आजार आला, उपचार घ्यावे लागले, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काहीच नव्हते. बरे होऊन आल्यावर त्याच वर्षी त्यांनी एक मोठी मिस्सा संगीतबद्ध करायला घेतली. ती त्यांच्या सर्वोत्तम रचनांपैकी एक मानली जाते.

१८६८ साली ते व्हिएन्नाच्या संगीत महाविद्यालयात प्राध्यापक झाले. मोठ्या शहरात त्यांचे खेडवळ कपडे, गावंढळ बोली आणि अतिनम्र वागणे यांची चेष्टा होई. वर्गात शिकवत असताना दूतसंदेशाच्या प्रार्थनेची घंटा ऐकू आली की ते शिकवणे थांबवून प्रार्थना करत, असे त्यांचे विद्यार्थी सांगत. रोज किती वेळा ‘नमो मारिया’ म्हटले, किती जपमाळा झाल्या, याच्या खुणा ते खिशातल्या डायरीत करून ठेवत. त्या डायऱ्या आजही आहेत. मोजण्याचा तो स्वभाव काही पूर्ण सुटला नाही, पण तो प्रार्थनेच्या कामी आला असे मला वाटते.

१६ डिसेंबर १८७७ हा दिवस त्यांच्या आयुष्यातला बहुधा सर्वांत कठीण दिवस. त्यांची तिसरी सिंफनी त्या दिवशी व्हिएन्नात सादर व्हायची होती. संचालन हर्बेक करणार होते, पण दोनच महिन्यांपूर्वी ते वारले. म्हणून ब्रुकनर स्वतःच वाद्यवृंदापुढे उभे राहिले. वादकांचे मन त्या संगीतात नव्हते. एकेक भाग संपला की लोक उठून जाऊ लागले. शेवटी सभागृहात मूठभर माणसे उरली. वादकही वाद्ये उचलून निघून गेले आणि ब्रुकनर मंचावर एकटेच राहिले. त्यांच्याभोवती जमली ती काही तरुण मुले. त्यांत सतरा वर्षांचा गुस्ताव माहलर होता, जो पुढे स्वतः मोठा संगीतकार झाला. आणि रेटिग नावाचे एक प्रकाशक पुढे आले, म्हणाले, ही सिंफनी मी छापतो. ज्या रात्री सगळे उठून गेले त्याच रात्री!

लूकच्या शुभवर्तमानातील ती विधवा आपल्याला माहीत आहे, जी न्यायाधीशाच्या दारी पुन्हा पुन्हा जाते. ब्रुकनर यांचे तसेच होते. फरक इतकाच की ती धीट होती आणि हे भित्रे. टीकाकार हान्सलिक यांची त्यांना एवढी धास्ती होती की, सम्राट फ्रान्झ जोसेफ यांनी काही हवे का असे विचारले तेव्हा ब्रुकनर यांनी हान्सलिक यांना आवरण्याची विनंती केली, असा किस्सा सांगतात. लोकांच्या सल्ल्यावरून त्यांनी आपल्या सिंफनी कितीदा तरी बदलल्या. तो त्यांचा दोष म्हणावा लागेल. पण भीत भीत का होईना, दुसऱ्या दिवशी ते पुन्हा टेबलाशी बसत. देवाने आपल्याला देणगी दिली आहे आणि एक दिवस तिचा हिशेब द्यायचा आहे, ही त्यांची पक्की समजूत होती.

३० डिसेंबर १८८४ रोजी लाइपझिग शहरात त्यांची सातवी सिंफनी वाजली आणि त्यांचे नाव व्हिएन्नाच्या बाहेर पोहोचले. त्याच वर्षी त्यांनी ‘ते देउम’ हे स्तुतिगीत संगीतबद्ध करून पूर्ण केले होते. १८९१ साली व्हिएन्ना विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. तरीही दुःखे संपली नव्हती. आठवी सिंफनी त्यांनी मोठ्या आशेने म्युनिकचे संचालक हरमान लेव्ही यांच्याकडे पाठवली होती. ते ब्रुकनर यांचे स्नेही, पण त्यांनी ती नाकारली. ब्रुकनर यांनी ती पुन्हा लिहिली आणि १८९२ साली व्हिएन्नातच तिला प्रचंड टाळ्या मिळाल्या. पाचवी सिंफनी मात्र वाद्यवृंदाकडून त्यांना कधीच ऐकायला मिळाली नाही. १८९४ साली ग्राझमध्ये ती प्रथम वाजली तेव्हा ते आजारी असल्यामुळे जाऊ शकले नाहीत.

नववी सिंफनी त्यांनी प्रेमळ देवाला अर्पण केली. जिने चढणे जमेना म्हणून सम्राटांनी १८९५ साली त्यांना बेल्व्हेडेर राजवाड्याच्या आवारात तळमजल्यावर राहायला जागा दिली होती. तिथे ते शेवटचा भाग लिहीत होते. तो पूर्ण झाला नाही तर त्या जागी ‘ते देउम’ गावे, असे त्यांनी सुचवून ठेवले होते.

११ ऑक्टोबर १८९६, रविवार. सकाळी ते त्या अपुऱ्या भागावर काम करत होते. दुपारी त्यांनी देह ठेवला.

त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना संत फ्लोरियनला नेण्यात आले. चर्चच्या तळघरात, बालपणी ज्या ऑर्गनच्या सुरांत त्यांनी आपला सूर मिसळला होता, बरोबर त्याच्याच खाली त्यांची शवपेटी ठेवलेली आहे. वर आजही तो ऑर्गन वाजतो. लोक त्याला आता ब्रुकनर ऑर्गन म्हणतात.