हेन्री पॅनकोस्ट

हेन्री खुनराथ पॅनकोस्ट (२६ फेब्रुवारी, १८७५ - २० मे, १९३९) हे अमेरिकन क्ष-किरणतज्ज्ञ होते. फुप्फुसाच्या शिखराशी वाढून हाताच्या चेतांना इजा करणारे अर्बुद त्यांच्या नावाने ओळखले जाते.

जीवन

पॅनकोस्ट यांचा जन्म फिलाडेल्फिया येथे झाला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून त्यांनी १८९८ मध्ये वैद्यकीय पदवी संपादन केली. पुढे ते क्ष-किरणांच्या अभ्यासाकडे वळले. क्ष-किरणशास्त्राचे अमेरिकेतील पहिले प्राध्यापक म्हणून त्यांची गणना होते. धुळीमुळे होणाऱ्या फुप्फुसविकारांवरही त्यांनी संशोधन केले.

पॅनकोस्ट अर्बुद

या अर्बुदाविषयी त्यांनी १९२४ व १९३२ मध्ये लेख प्रसिद्ध केले. खांद्यात सुरू होऊन करंगळीच्या बाजूने उतरणारी वेदना, हाताच्या स्नायूंचा क्षय, बरगडीची झीज आणि हॉर्नर लक्षणसमूह (एका डोळ्याची पापणी खाली येणे व बाहुली आकुंचन पावणे) ही लक्षणे त्यांनी एकत्र मांडली. भुजेच्या चेताजालाचा खालचा भाग आणि अनुकंपी चेता अर्बुदाने ग्रासल्यामुळे ती उद्भवतात. खोकला बहुधा नसल्याने हे दुखणे खांद्याच्या सांध्याचे समजले जाई. म्हणून अशा रुग्णाच्या छातीच्या शिखराची क्ष-किरण तपासणी काळजीपूर्वक करावी, असा त्यांचा आग्रह होता.

हे अर्बुद भ्रूणावस्थेतील अवशिष्ट पेशींपासून उद्भवते, हा त्यांचा तर्क मात्र चुकीचा ठरला. ते बहुधा फुप्फुसाचाच कर्करोग असल्याचे पुढे सिद्ध झाले.

उपचारांची वाटचाल

पॅनकोस्ट यांच्या हयातीत हा रोग असाध्य होता. १९६१ मध्ये शॉ व पॉलसन यांनी प्रथम किरणोपचार आणि नंतर शस्त्रक्रिया ही पद्धत मांडली. आता किरणोपचारांसोबत रसायनोपचारही देतात.

शस्त्रक्रियेत पहिल्या वक्षीय चेतेचे मूळ कापावे लागले, तरी हाताचा बराचसा उपयोग टिकतो. आठवी ग्रैव चेताही गेल्यास पंजा दुबळा होतो. तुटलेली चेता दुसरीकडील चेतेचा तुकडा जोडून सांधता येते. परंतु चेतातंतू दिवसाला सुमारे १ मिलिमीटर वाढतात. खांद्यापासून पंजापर्यंत ते पोहोचेतो स्नायू निकामी झालेले असतात. त्यामुळे चेता ग्रासली जाण्यापूर्वी निदान होणे महत्त्वाचे ठरते.

मृत्यू

पॅनकोस्ट यांचे १९३९ मध्ये निधन झाले. डोके व मानेच्या क्ष-किरण निदानावरील त्यांचा सहलिखित ग्रंथ १९४० मध्ये, मरणोत्तर प्रसिद्ध झाला.